डोक्यावरून गेलेलं पत्र

सवयीनं खिसा चाचपता. फोन नाही. समोर शेकोटी, पाठीमागे खळ्यात धानाचे पुंजणे, आणि थंडी अशी की तळहात विस्तवाजवळून हलत नाहीत. साल १९५२, महिना जानेवारी. गाव तेच, सडक अर्जुनी, पण जिल्हा भंडारा. गोंदिया जिल्हा व्हायला १९९९ उजाडायचंय. नागपूर अजून मध्य प्रदेशची राजधानी. नागपूर-रायपूर सडकेवर एक बंडी कुरकुरत जाते, आणि मग काहीच नाही.

आधी वाटतं, ट्रक आहे. पण घरघर सडकेवरून येत नाही. ती उत्तरेच्या आभाळात आहे, जंगलापलीकडे, आणि पश्चिमेला सरकतेय.

"इमान चाललं, भाऊ," शेजारचा म्हातारा वर न बघताच सांगतो. रोजचंच आहे त्याला.

ते कलकत्त्याचं डाक-विमान आहे. दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता, चारही दिशांची विमानं रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमतात, टपालाची पोती आणि उतारू एकमेकांत बदलतात आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परततात. १९४९ पासून हे चाललंय. पत्राला जादा तिकीट लावावं लागत नाही. कलकत्ता ते नागपूर सरळ रेषेत सुमारे ९८० किलोमीटर. हे डाकोटा विमान ताशी पावणेतीनशेनं गेलं तर साडेतीन तास. हिवाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना समोरून. थोडं अधिकच धरा.

तुम्ही मनात हिशेब मांडता. इथून सोनेगाव सरळ रेषेत एकशेदहा-बारा किलोमीटर. डाकोटाला पंचवीस मिनिटं. सडकेनं सव्वाशे, म्हणजे बंडीला तीन-चार मुक्काम. आणि त्या पोत्यात तुमच्याच नावाचं पत्र असलं तर? ते आत्ता तुम्हाला ओलांडून नागपूरला चाललंय. तिथे ते उतरेल, निवडलं जाईल आणि जमिनीवरून उलट येईल. आभाळातल्या ९८० किलोमीटरपेक्षा शेवटच्या सव्वाशेला जास्त वेळ. (विमानतळांमधलं अंतर मोजणारे हा भाग कधी धरत नाहीत.)

गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी तशी १९४० पासूनच आहे, इंग्रजांनी युद्धाच्या घाईत केलेली. डाक-विमानाला मात्र तिचं काम नाही. तिथून प्रवासी घेऊन नियमित विमान उडायला १३ मार्च २०२२ उजाडेल: इंदूर-गोंदिया-हैदराबाद. बिरसी ते हैदराबाद ५१० किलोमीटर, पंख्याच्या विमानाला तासाभराहून थोडं जास्त. म्हाताऱ्याला सांगून पाहता.

"तिथंवर जाचं कसं?" तो विचारतो.

प्रश्न बरोबर आहे. इथून कोहमारा, गोरेगाव, गोंदिया, मग बिरसी. उड्डाणाइतकाच वेळ त्यात जाईल, वर तासभर आधी पोहोचायचं.

विस्तव राखेखाली जातो. तुमचा डोळा लागतो न लागतो तोच घरघर पुन्हा, या वेळी पूर्वेकडे जाणारी. वारा आता पाठीशी आहे. म्हातारा उठून घोंगडी झटकतो.

"कलकत्त्याचं परतलं," तो म्हणतो, आणि बैलांना कडबा टाकायला जातो.