अर्बुदरोधक प्रथिने

पेशींच्या विभाजनाला आवर घालणारी, डीएनएमधील बिघाड दुरुस्त करणारी किंवा दुरुस्तीपलीकडे गेलेल्या पेशीचा शेवट घडवून आणणारी प्रथिने. ती निकामी झाली की पेशी अनिर्बंध वाढू लागतात व अर्बुद, म्हणजे गाठ, तयार होऊ शकते. पी५३, आरबी, बीआरसीए१, बीआरसीए२, पीटीईएन, एपीसी व व्हीएचएल ही त्यांपैकी प्रमुख होत.

शोध : लहान मुलांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ‘दोन आघातां’चा सिद्धांत मांडला. पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही गेल्या की रोगाला वाट मोकळी होते. एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन आलेल्या मुलांना हा रोग लवकर व अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो, त्याचे कारण हेच. यामागचे आरबी जनुक १९८६ मध्ये वेगळे करण्यात आले. पी५३ प्रथिन १९७९ मध्येच सापडले होते. परंतु प्रयोगांत वापरलेली त्याची रूपे उत्परिवर्तित असल्याने दहा वर्षे ते कर्करोग घडवणारे मानले गेले. ते मुळात रक्षक आहे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले.

कार्य : आरबी प्रथिन ई२एफ या प्रथिनांना धरून ठेवते व विभाजन रोखते. पी५३ निरोगी पेशीत सतत तयार होते आणि एमडीएम२ हे प्रथिन त्याचा लगेच नाश घडवते. डीएनएला इजा झाली की हा नाश थांबतो, पी५३ साठते आणि विभाजन थोपवते किंवा पेशीचा अंत घडवते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी५३चे जनुक बिघडलेले आढळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू जनुकाला हात न लावताच पी५३ नष्ट करवतो व आरबीला निकामी करतो. मुंबईतील व कल्याणी (प. बंगाल) येथील संशोधकांनी भारतीय रुग्णांमधील गाल व हिरड्यांच्या कर्करोगाचा जनुकीय आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही पी५३च्या जनुकातील बिघाड ठळक होता. तंबाखू चघळण्याशी या रोगाचे घट्ट नाते आहे.

निदानातील उपयोग : बायॉप्सीच्या पातळ कापावर प्रतिपिंडांची रंगचाचणी करून ही प्रथिने पाहतात. बिघडलेले पी५३ बहुधा अधिक ठळक दिसते. कारण ते एमडीएम२ची निर्मिती घडवू शकत नाही आणि स्वतः साठत जाते. जनुक पूर्ण बंद पडले असेल, तर रंग मुळीच उमटत नाही. म्हणून सर्वत्र गडद रंग व रंगाचा पूर्ण अभाव ही दोन्ही बिघाडाची लक्षणे ठरतात. विखुरलेला, कमी-अधिक रंग निरोगी पी५३ सुचवतो. गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगात पी५३चा बिघाड आक्रमक रोगाकडे बोट दाखवतो. लसीकापेशींच्या दीर्घकालिक रक्तकर्करोगात तो आढळल्यास नेहमीची केमोथेरपी फारशी उपयोगी पडत नाही आणि लक्ष्यवेधी औषधे निवडली जातात.

उपचार : बहुतेक लक्ष्यवेधी औषधे अतिसक्रिय प्रथिनाला अडवतात. जे प्रथिन नाहीसेच झाले आहे त्याला अडवता येत नाही, ही इथली मूळ अडचण होय. त्यावर तीन मार्ग शोधले गेले. पहिला, उणिवेचाच उपयोग करणे : बीआरसीए नसलेली पेशी डीएनए दुरुस्तीसाठी पार्प या विकरावर अवलंबून राहते. पार्प रोखले की ती मरते. निरोगी पेशीत बीआरसीएची किमान एक चांगली प्रत असल्याने ती तगते. २००५ मध्ये दाखवलेल्या या तत्त्वावरचे ओलापॅरिब अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी २०१४ मध्ये मान्य झाले. दुसरा, हरवलेल्या रक्षकाच्या पुढची साखळी तोडणे : व्हीएचएल नसताना साठणाऱ्या एचआयएफ-२ प्रथिनाला रोखणारे बेल्झुटिफॅन तेथेच २०२१ मध्ये मान्य झाले. तिसरा, रक्षकाला पुन्हा उभे करणे : एमडीएम२ला अडवणारे नटलिन रेणू २००४ मध्ये पुढे आले, तर पी५३चे जनुक पोचवणाऱ्या उपचाराला चीनने २००३ मध्ये मान्यता दिली. हा मार्ग सर्वांत खडतर ठरला आहे.

आनुवंशिकता व समुपदेशन : पी५३च्या जनुकातील जन्मजात बिघाडामुळे ली-फ्रॉमेनी लक्षणसमूह होतो, अशा कुटुंबांत तरुण वयातच निरनिराळे कर्करोग उद्भवतात. बीआरसीएमधील जन्मजात बिघाडाने स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गाठीत सापडलेला बिघाड त्या गाठीपुरता असू शकतो. तो वारशाने आला आहे का, हे रक्त किंवा लाळेच्या चाचणीने तपासतात. एका व्यक्तीचा असा अहवाल तिच्या भावंडांना व मुलांनाही लागू पडू शकतो. म्हणून चाचणीआधी व नंतर समुपदेशन होणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. धोका वेळेवर कळला, तर नियमित तपासणी व प्रतिबंधक शस्त्रक्रिया यांचा विचार रोग होण्यापूर्वीच करता येतो.