तोफेचा धक्का, बंदुकीचा दणका

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की पाली गाव लागते. बिंदुसरेचा तलाव तिथून जवळ, आणि निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना विहीरही त्याच रस्त्याला. पाली सोडून मांजरसुंब्याचा घाट चढला की आपण बालाघाटच्या पठारावर येतो आणि तिथे वाटा फुटतात. पूर्वेची वाट केज-धारूरकडे, पश्चिमेची पाटोद्यावरून अहिल्यानगरकडे, आणि दक्षिणेची परांडा-नळदुर्गच्या मुलुखाकडे. या तिन्ही वाटांवर जुने किल्ले आहेत, आणि किल्ला म्हटला की तोफ आलीच.

तोफेची गोष्ट सांगताना आपण तिचा गोळा कुठवर जाई, तिने कोणता तट पाडला, हे सांगतो. पण गोळा पुढे गेला त्या क्षणी मागे काय झाले? तोफेमागे जो गोलंदाज उभा होता, त्याच्या छातीचे आणि कानाचे काय झाले? आज आपण ही मागची बाजू पाहणार आहोत. परांड्याच्या तोफेपासून वाघ मारणाऱ्या साहेबांच्या जड रायफलीपर्यंत हा एकच प्रश्न आहे.

आधी थोडे शास्त्र पाहू. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बंदुकीचेही तसेच. दारू पेटली, तिचा वायू झाला, त्याने गोळी पुढे ढकलली, की तेवढ्याच जोराने बंदूक मागे ढकलली जाते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. गोळी हलकी म्हणून तिचा वेग प्रचंड, बंदूक जड म्हणून तिचा वेग थोडा. पण जोर दोहोंकडे सारखाच. शिवाय गोळी नळीबाहेर पडताच तिच्यामागे कोंडलेला तप्त वायू एकदम मोकळा होतो आणि भोवतालच्या हवेवर आदळतो. आपण ज्याला बार म्हणतो तो हा. म्हणजे बंदूक चालवणाऱ्याला दोन मार बसतात, एक खांद्याला आणि दुसरा कानाला.

आता हा धक्का नाहीसा करता येईल का? नाही. तो कुणाला तरी सोसावाच लागतो. माणसाच्या हाती एवढेच आहे की तो कुठे वळवायचा, आणि एकदम घ्यायचा की सावकाश. खळ्यावर कुणी वरून कडब्याची पेंढी फेकली तर झेलताना आपण हात थोडे मागे नेतो. पेंढी तीच, पण धक्का लांबतो आणि म्हणून सौम्य होतो. साडेचारशे वर्षांतल्या साऱ्या युक्त्या या दोनच गोष्टींत बसतात.

आता परांड्याकडे वळू. १५४९ साली अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाच्या राज्यात महंमद नावाच्या एका रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडच्या, उस्तादाने काशाची एक अजस्र तोफ ओतली. तिचे नाव मलिक-ए-मैदान. लांबी १४ फुटांहून जास्त, तोंडाचे भोक सुमारे २ फूट ४ इंच, वजन ५५ टनांच्या आसपास सांगतात. तोंडाशी हत्ती गिळणाऱ्या सिंहाचा आकार आहे. ही तोफ बरीच वर्षे परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरारपंताने ती विजापूरला नेली, आणि तिथल्या शेरझा बुरुजावर ती आजही आहे.

एवढ्या वजनाचे एक कारण धक्का हेच होते. तोफ जितकी जड, तितकी ती कमी मागे येणार. पण नुसत्या वजनाने भागत नसे. दख्खनच्या कितीतरी बुरुजांवर तोफेसाठी मधोमध एक खुंट रोवलेला दिसतो आणि तोफेच्या मागे अर्धगोल, जाड, बुटकी भिंत दिसते. पाहणाऱ्याला वाटते, ही आडोशाची भिंत. पण शत्रू तर पुढे, मग आडोसा मागे कशाला? ती भिंत धक्का घेण्यासाठी होती. तोफेची पाठ आणि ती भिंत यांच्यामध्ये लाकडाचा ओंडका ठोकून बसवत. बार झाला की धक्का ओंडक्यातून भिंतीत आणि भिंतीतून बुरुजाच्या पोटात जाई. भिंत अर्धगोल असल्यामुळे तोफ कोणत्याही दिशेला फिरवली तरी तिची पाठ भिंतीसमोरच येई. मोठा हुशार बेत होता तो! खुंटावर फिरणारी तोफ पाहायची असेल तर देवगिरीची मेंढा तोफ पाहावी. परांड्याला किंवा नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर सहल नेणाऱ्या गुरुजींनी मुलांना तोफांच्या मागची जागाही अवश्य दाखवावी.

हे झाले धक्क्याचे. पण आवाजाचे काय? भिंतीला कान नसतात, गोलंदाजाला असतात. विजापूरला असे सांगतात की तोफेजवळ पाण्याचा हौद असे, आणि बत्ती देताच गोलंदाज त्यात बुडी मारी. ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे, पण तिच्यातले शास्त्र मात्र खरे आहे. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत उसळतो. हजार भागांपैकी एखादाच भाग पाण्यात शिरतो. बुडी मारलेल्या माणसाचे कान त्यामुळे वाचतात. बुडी मारायला उशीर झाला तर त्याचे काय होई, हे कोणत्या बखरीत लिहिलेले नाही.

किल्ल्यावरची तोफ जागची हलत नाही. मैदानातली तोफ मात्र गाड्यावर असते, आणि तिथे भिंत कुठून आणणार? तिथे धक्का चाकांवर सोडून देत. बार झाला की गाडा मागे धावे. मग माणसांनी तो ढकलत जागेवर आणायचा, पुन्हा नेम धरायचा, पुन्हा बत्ती द्यायची. १७९५ च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डे आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेलगतच, जामखेड तालुक्यात आहे. निजामाकडे रेमाँ हा फ्रेंच सेनानी होता. हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना त्यानेच काढला होता. त्याच्या तोफांनाही ही कसरत चुकलेली नव्हती.

मराठ्यांकडे मात्र एक असे हत्यार होते, ज्याला मागचा धक्का जवळजवळ नव्हताच. ते म्हणजे दारूचे बाण. बाणाची नळी मागून उघडी असते. वायू मागे मोकळा सुटतो, बाण पुढे जातो, आणि सोडणाऱ्याला झटका बसत नाही. पण धक्का गेला कुठे? तो जाळ होऊन मागे गेला. म्हणून बाणाच्या मागे उभे राहण्याची सोय नाही. बघा, एकाचा खांदा वाचला की धोका दुसऱ्या जागी जातो. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

मैदानातल्या तोफेचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो १८९७ साली, फ्रान्समध्ये. ७५ मिलिमीटरच्या नव्या तोफेत तिथल्या कारागिरांनी नळी गाड्याला पक्की न जोडता गाड्यावर सरकती ठेवली, आणि तिच्याखाली तेल व दाबलेली हवा यांची योजना केली. बार झाला की नळी तेलाला दाबत मागे येई आणि हवेच्या रेट्याने आपोआप पुढे जाई. गाडा जागचा हलेना. पेंढी झेलताना हात मागे नेण्याचीच ही युक्ती. फरक इतकाच की इथे हात तेलाचे होते.

आता शिकारीच्या बंदुकीकडे येऊ. आपल्याकडची जुनी तोड्याची बंदूक लांब आणि जड नळीची, दस्ता सडपातळ. दारूचा भरणा बेताचा, म्हणून धक्काही बेताचा. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिकारी हत्ती आणि गवे मारू लागले. काळ्या दारूने गोळीला फार वेग येत नसे, म्हणून त्यांनी गोळीच मोठी केली. सॅम्युअल बेकर हा लंकेत आणि आफ्रिकेत शिकार करणारा प्रसिद्ध इंग्रज. त्याच्याकडे अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी रायफल होती. तिचे वजन सुमारे ९ किलो, आणि तिचे लाडके नाव ‘बेबी’! तिचा धक्का असा की खुद्द बेकरसारखा धिप्पाड गडी ती झाडायला कचरत असे.

शतकाच्या शेवटी धूर न करणारी दारू आली, गोळीचा वेग वाढला, आणि ‘नायट्रो एक्स्प्रेस’ जातीच्या दुनळी रायफली निघाल्या. थोडा हिशेब करू. लष्करातली ३०३ रायफल सुमारे ४ किलोची. तिची गोळी ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४० मीटर. ५७७ नायट्रो एक्स्प्रेस सुमारे ६ किलोची. तिची गोळी ४९ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६२५ मीटर. गोळीमागचा वायूही हिशेबात धरला, तर दुसऱ्या रायफलीच्या धक्क्यातली शक्ती पहिलीच्या सात-आठ पट भरते. ३०३ चा धक्का नवख्याला झोंबतो, हे ज्यांनी ती चालवली ते सांगतील. मग या दुसरीचे काय!

हा मार सोसण्यासाठी कारागिरांनी तीन उपाय केले. पहिला उपाय बंदूक जड करण्याचा. पण जड बंदूक दिवसभर वाहणार कोण? साहेबामागून चालणारा गडी. खांदा साहेबाचा वाचला, भार गड्याच्या खांद्यावर आला. दुसरा उपाय दस्ता रुंद आणि सरळ करून त्याच्या टोकाला रबराची गादी बसवण्याचा. यात खोट नाही. धक्का अधिक जागेवर पसरतो आणि थोडा लांबतो. तिसरा उपाय नळीच्या तोंडाशी आडवी भोके पाडण्याचा. वायू पुढे जाण्याऐवजी भोकांतून बाजूला आणि थोडा मागे वळतो आणि बंदुकीला उलट पुढे ओढतो. खांद्याचा मार बराच कमी होतो. पण तोच वायू आता चालवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे येतो. बाणाच्या वेळी पाहिलेले सूत्र ते हेच.

आवाजावरही उपाय निघाला. हिरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाने १९०९ साली आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचे पेटंट घेतले. त्यात कप्पे असतात. वायू कप्प्याकप्प्यांतून फिरत, थंडावत बाहेर येतो. या माणसाचा बाप म्हणजे मशीनगन काढणारा मॅक्सिम. तोफा-बंदुकांच्या आवाजात आयुष्य घालवून तो पुरता बहिरा झाला होता.

बहिरेपणाची ही गोष्ट साधी नाही. माणसाच्या कानाला १४० डेसिबलच्या पुढचा आवाज एका झटक्यात इजा करू शकतो, आणि जड रायफलीचा बार त्याच्या बराच वर जातो. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जिम कॉर्बेटचे नाव आपण ऐकले आहे. १९२९ साली शिकारीत त्याच्या कानाजवळ दुसऱ्याची जड रायफल उडाली आणि त्याच्या कानाचा पडदा फाटला. त्या दुखऱ्या कानाने आणि सुजलेल्या डोक्याने तो पुढे तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीमागे गेला. एवढा सावध माणूस, पण बार दुसऱ्याचा होता.

धक्क्याची भीती आणखी एक अनर्थ करते. मार बसणार हे माहीत असले की माणूस घोडा ओढण्याआधीच आकसतो, डोळे मिटतो, आणि नेम चुकतो. जनावर मरत नाही, जखमी होते. हाका करणारी गावची माणसे हातात डबे आणि काठ्या घेऊन त्याच झुडपांत असत. जखमी वाघ त्यांच्या वाट्याला येई. चंपावतची वाघीण कॉर्बेटने १९०७ साली मारली. तोवर तिच्या नावावर ४३६ माणसे जमा झाली होती. कुणाच्या तरी जुन्या गोळीने तिचे सुळे तुटलेले होते, नेहमीची शिकार तिला साधेना, म्हणून ती माणसांकडे वळली. एका चुकलेल्या बाराची ही किंमत.

आपल्या भागावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. सहावे निजाम महबूब अलीखान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध. राजा दीनदयाळ यांनी काढलेली त्या काळच्या शिकारींची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांत मेलेला वाघ दिसतो, बंदूक दिसते, साहेब दिसतात. हाकेकऱ्यांचे सुन्न झालेले कान छायाचित्रात कसे दिसणार?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद केली, ते योग्यच झाले. पाटोदा तालुक्यात नायगावला आज मोरांचे अभयारण्य आहे. रानडुकरांचा कितीही उपद्रव असला तरी वनखात्याच्या परवानगीवाचून बंदूक चालवता येत नाही.

पण बार काही गावातून गेलेला नाही. विहिरीत सुरुंग उडतात, जत्रेत उखळी उडते, पाखरे हाकलायला कुणी प्लास्टिकच्या नळीत कार्बाईड भरून बार काढतो. या नळीने कितीतरी मुलांचे डोळे दुखावले आहेत. तेव्हा सुरुंगाच्या वेळी लांब जावे, कान दोन्ही तळव्यांनी घट्ट झाकावे, तोंड किंचित उघडे ठेवावे. उखळीजवळ मुलांना उभे करू नये. बार झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि ऐकू कमी आले, तर चार दिवस वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो आणि थांबतो. चार गोल पेन्सिली टेबलावर समांतर ठेवा. त्यांवर एक फळी ठेवा. फळीवर दोन खिळ्यांना रबर लावून ते दोऱ्याने मागे ताणून बांधा आणि त्यात एक खडा ठेवा. समोर कुणी उभे नाही ना, ते पाहून दोरा काडीने जाळा. खडा पुढे जाईल, फळी मागे सरकेल. मग फळीवर एक वीट ठेवून तेच करा. फळी थोडीच सरकेल. शेवटी फळीच्या मागे उशी ठेवा, नंतर लाकडी ठोकळा ठेवा, आणि दोन्ही वेळच्या धडकेतला फरक मुलांनाच सांगू द्या. परांड्याच्या बुरुजावरची भिंत आणि फ्रेंच तोफेतले तेल, दोन्ही त्यांना त्या टेबलावर समजतील.