जेनला कुणी विचारलं?

आज आम्ही तुम्हाला जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली एक हकिगत सांगणार आहोत.

तेव्हा तिथं समुद्रकाठी इंग्रजांच्या लहान लहान वसाहती होत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन पंथाच्या लोकांचा कारभार होता. इंग्लंडमध्ये आपल्या पद्धतीनं भक्ती करता येईना, म्हणून ही माणसं एवढ्या लांब आली. पण इथं वेगळं मत मांडणाऱ्याला त्यांनी थारा दिला नाही. रॉजर विल्यम्स हे धर्मोपदेशक म्हणायचे, देवाधर्माच्या बाबतीत सरकारनं सक्ती करू नये. १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात ते बाहेर पडले. नॅरागॅन्सेट या तिथल्या मूळ लोकांच्या प्रमुखांनी त्यांना जमीन दिली आणि १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसलं. गावाचा कारभार फक्त व्यवहारापुरता. कुणाच्या श्रद्धेत गावानं हात घालायचा नाही, असं ठरलं.

या गावात अगदी सुरुवातीला आलेल्यांपैकी एक जोशुआ व्हेरिन. विल्यम्स यांचा शेजारीच. त्याची बायको जेन विल्यम्स यांच्याकडच्या प्रार्थनेला जायची. जोशुआ स्वतः वर्षभर तिकडं फिरकला नाही. त्याबद्दल गावानं त्याला काही त्रास दिला नाही. पण जी मोकळीक त्यानं स्वतः घेतली, ती बायकोला द्यायला तो तयार नव्हता. त्यानं तिला अडवलं, मारलं. तिच्या जिवाला धोका होता, असं विल्यम्स यांनी पत्रात लिहून ठेवलंय.

मे १६३८ मध्ये हा प्रश्न गावसभेपुढं आला. अर्नोल्ड नावाचे गृहस्थ म्हणाले, बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हा देवाचाच नियम आहे. ग्रीन नावाचे दुसरे म्हणाले, बायकांना असं अडवलं तर मुलखातल्या सगळ्या बायका ओरड करतील. शेवटी ठरलं की जोशुआनं बायकोच्या श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर बंधन घातलं, म्हणून तो आपलं वागणं बदलत नाही तोवर त्याला सभेत मत नाही.

त्या काळात हा निर्णय मोठाच. बायकोची श्रद्धा तिची स्वतःची असते, हे एका गावानं मान्य केलं.

पण मैत्रिणींनो, पुढचंही ऐका. ठरावात मारहाणीचा उल्लेख नाही. जेनला सभेत मत नव्हतं. तिला स्वतःला एवढं जायचंच नाही, बाकीचेच तिला ओढतात, असंही अर्नोल्ड म्हणाले. तिला काय हवंय हे पुरुषांनीच एकमेकांना सांगितलं. जेनचं स्वतःचं म्हणणं काही नोंदींत सापडत नाही. नंतर जोशुआ तिला घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला परत गेला. म्हणजे जिथं सक्ती होती, तिथंच.

१६६३ मध्ये ऱ्होड आयलंड वसाहतीला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. शांतता न मोडणाऱ्या कुणालाही धर्ममतासाठी त्रास द्यायचा नाही, असं तीत लिहिलं होतं. जेनच्या वेळी हे संरक्षण असतं, तरी नवरा गाव सोडून निघाला तेव्हा तिला मागं राहता आलं असतं का?

बचत गटांत काम करताना आम्हालाही हेच जाणवतं. बाईबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि ती गप्प बसलेली असते. तेव्हा आधी तिलाच विचारू या, बाई, तुझं काय म्हणणं आहे? आणि तिचं उत्तर ऐकायला थोडं थांबू या.