वेठबिगार आणि सोबती

‘रोबो’ हा शब्द आला 1920 सालच्या कारेल चापेकच्या नाटकातून. चेक भाषेतल्या त्याच्या मुळाचा अर्थ वेठ. चाकणच्या कारखान्यातला वेल्डिंगचा रोबो पाहिला की तो पटतो. मग हा वेठबिगार म्हाताऱ्यांचा सोबती कसा झाला?

जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून ‘पारो’ घडवला. आधी मांजर करून पाहिलं, पण लोक खऱ्या मांजराशी तुलना करायचे. म्हणून सीलचं पिल्लू. ते कुणी मांडीवर घेतलेलंच नसतं! स्मृतिभ्रंश झालेले अनेकजण ते कुरवाळताना शांत होतात. काहींना मात्र हाती खेळणं दिल्याचा अपमान वाटतो.

सोनीने ‘आयबो’ कुत्र्याची दुरुस्ती 2014 साली थांबवली, तेव्हा इसुमीच्या कोफुकुजी मंदिरात या कुत्र्यांचे अंत्यविधी झाले. हसू नका. आपल्या रहाटणीतल्या निवृत्त कामगारांनीही खंडेनवमीला लेथला हार घातलेत. यंत्रावरची माया आपल्याला परकी नाही. पण ‘मला तुमची काळजी वाटते’ असं लेथ कधी म्हणालं नव्हतं. आजची बोलकी यंत्रं म्हणतात. आपली माया खरी असते, समोरची घडवलेली. ती कुणाच्या सोयीसाठी घडवली, हे विचारायचा हक्क म्हाताऱ्यांचा आहे. मुलाला वेळ नाही म्हणून यंत्र घरात आलं, तर सोय नेमकी कुणाची झाली?