पाण्याची उंची कुणाच्या जिवावर?

वीज म्हटली की आपल्याला बाबासाहेब आठवले पाहिजेत. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात. दामोदर आणि महानदीच्या योजनांचा पाया तेव्हाच घातला गेला. मुबलक, स्वस्त विजेशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा हिशोब. म्हणून धरण दिसलं की दगड उचला, हे आपलं काम नाही. आपण हिशोब मागायचा.

जलविद्युतीचं गणित साधं आहे. पाणी किती आणि ते किती उंचावरून पडतं, यावर वीज ठरते. पडतं पाणी टर्बाइन फिरवतं, टर्बाइन जनित्र फिरवतं, रोहित्र दाब वाढवतं, वीज तारांच्या जाळ्यात जाते. एकदा जाळ्यात गेली की कुठल्या नदीची वीज कुणाच्या घरात जळते, सांगता येत नाही. बुडालेलं गाव मात्र बोट ठेवून दाखवता येतं.

कोयनेला उंची सह्याद्रीनं दिली. पाणी डोंगराच्या पोटातून कोकणाच्या अंगाला, पोफळीला उतरतं. 1962 पासून तिथं वीज निघते. तिथंही गावं उठलीच.

आता सिरोंच्याकडं या. गोदावरीवर इचमपल्ली, इंद्रावतीवर भोपालपटनम, अशी दोन धरणं आखली गेली. इथं सह्याद्री नाही. उंची भिंतीनंच करायची. भिंत जेवढी चढेल तेवढं पाणी मागं पसरणार, तेवढं जंगल, तेवढे माडिया-गोंडांचे पाडे पाण्याखाली. म्हणजे उंची देणार कोण? तर ज्याच्या झोपडीत दिवा नाही तो!

आदिवासींनी हे ओळखलं. 1980 च्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उठलं. बाबा आमटे त्यात होते. आराखड्यातली ती धरणं उभी राहिली नाहीत. पुढं 2019 साली सिरोंच्यासमोर मेडीगड्डाचा बंधारा झाला. तो वीज देत नाही, त्याचं पाणी उपसायलाच वीज लागते. फुगवटा मात्र आमच्या काठाला.

16 ऑक्टोबर 1956 ला चांद्यात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दुसऱ्यानं ठरवून दिलेली जागा नाकारायची, हे आपण तिथं शिकलो. इंद्रावतीकाठच्या माणसानं तेच केलं. मग तो आपला नाही, असं कसं म्हणता? वीज पाहिजेच. पण भिंत घालण्याआधी त्याला विचारा, आणि पहिली तार त्याच्या पाड्यावर न्या.