मूलच्या उतारावरची माती
मूलच्या शिवारात एकाच उतारावर मातीची नावं बदलतात: वर मुरमाड बरडी, खाली मोरंड, तळाला काळी कन्हार. पाऊस बारीक माती खाली नेतो. म्हणून खालच्या बांधीत धानाला ओल टिकते. बरडीवर पावसाने दडी मारली की पीक सुकतं.

इंग्रजी अमलात धानाच्या जमिनीचा सारा ठरवताना मातीसोबत उतारावरची जागाही पाहत. जेफ्री मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेत अशा उताराला ‘कॅटिना’, म्हणजे साखळी, हे नाव दिलं ते १९३५ मध्ये.

इथे पाणी अडवायला मालगुजारी तलाव होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले. गाळ साचत राहिला. तो गाळ म्हणजे वरच्या शेतांचीच माती. ती पुन्हा बरडीवर चढवणं, हे आता आपलं काम.