चूक पकडली, पण पुढे काय?

परवा लेक जावाचा अभ्यास करत बसली होती. धडा होता एक्सेप्शन हँडलिंगचा. म्हटलं, हे काय असतं गं? म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅम चालू असताना भलतंच काही घडलं तर काय करायचं, ते आधीच लिहून ठेवायचं. धोक्याचं काम 'ट्राय'मध्ये, गडबड झाली तर करायचं ते 'कॅच'मध्ये."

मला ४ जून १९९६ आठवला.

त्या दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं. पोटात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह. सुमारे ४० सेकंदांत रॉकेटनं वाट सोडली, मोडलं आणि आकाशातच त्याचा चुराडा झाला.

इंजिन ठणठणीत होतं. घात केला एका आकड्यानं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन-४ वरून उचललेलं होतं. त्यात ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत बसवायचा होता. त्या जागेत ३२,७६७ च्या पुढचं काही मावत नाही. एरियन-५ चा आडवा वेग जास्त, त्यामुळे आकडा मावला नाही आणि एक्सेप्शन आलं.

हा प्रोग्रॅम एडा भाषेत होता. त्यातही एक्सेप्शन हाताळण्याची सोय आहे. धोका असलेल्या सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि हे तीन आकडे मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असं गृहीत धरलं होतं.

बरं, एक्सेप्शन आलंच तर काय करायचं ठरलं होतं? संगणक बंद करायचा! बिघाड हार्डवेअरचाच असणार, मग राखीव संगणक काम बघेल, हा हिशोब. पण राखीवातही तोच प्रोग्रॅम. तो क्षणभर आधीच बंद पडला होता. मुख्य संगणकानं बंद पडताना पाठवलेली बिघाडाची माहिती रॉकेटनं उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि नळकांडी जोरात वळवली.

कहर म्हणजे, एरियन-५ मध्ये उड्डाणानंतर त्या गणिताचा काही उपयोगच नव्हता.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या समितीनं जुलैमध्ये अहवाल दिला. त्याचं सार असं: सॉफ्टवेअर बरोबर आहे हे सिद्ध होईपर्यंत त्यात चूक आहे असंच धरून चाला.

जावाची पहिली आवृत्तीही १९९६ चीच. काही एक्सेप्शन्सबाबत जावा प्रोग्रॅमरला सक्तीच करते: हाताळ, नाहीतर वर कळव. पण 'कॅच' रिकामा ठेवला तरी ती चालवून घेते. आणि एरियनसारखा मोठा आकडा जावात छोट्या जागी कोंबला तर एक्सेप्शन येतही नाही, गुपचूप चुकीचा आकडा मिळतो. म्हणजे भाषा बदलून माणसाची जबाबदारी संपत नाही.

हे आज का लिहितोय? आमच्याकडच्या एका आजोबांनी ऑनलाइन अर्ज भरला. "यशस्वी" अशी पावती आली, पण अर्ज पोहोचलाच नाही. मुदत गेली. चकरा आजोबांनीच मारायच्या!

म्हणून मित्रांनो, नव्या पोर्टलचं उद्घाटन होईल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण एक प्रश्नही विचारा: हे चुकलं तर कळणार कुणाला, आणि निस्तरणार कोण?